अर्धं इंजिन पेणला, अर्धं रोह्याला

रोहेकर, तुझं सुतक मला नाही.

हे मी म्हणत नाही, आमच्या आळीतले भटजी म्हणतात. तू गेल्याचा फोन दुकानात आला, मी शटर ओढलं आणि रोह्याची एस.टी. धरायच्या आधी, का कोण जाणे, त्यांच्याकडे डोकावलो. कोण गेलं, त्यांनी विचारलं. साडू, मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून जरा विचार केला आणि सांगितलं की साडूचं काही नसतं, डोक्यावरून पाणी घ्या, झालं. सासऱ्याचं असतं, बायकोच्या भावाचंसुद्धा थोडंफार असतं. साडूचं नाही. आपण दोघे एकाच घरच्या दोन मुलींचे नवरे, एवढं सोडून शास्त्राने आपली दखलच घेतलेली नाही.

मग हे जे मला होतंय ते काय आहे, हे कुणाला विचारायचं? दाढी करावी की नाही इथपासून माझा गोंधळ आहे. केली तर आरशात तोंड परकं दिसतं, न केली तर गिऱ्हाईक विचारतं कोण वारलं म्हणून. साडू, असं सांगितलं की ते 'अरेरे' म्हणतं आणि लगेच पांढऱ्या रंगाचा डबा मागतं. भाऊ म्हटलं असतं तर निदान दोन मिनिटं टेकलं असतं. परवा जोह्याच्या एका गणपती कारखानदाराला मी चक्क 'धाकटा भाऊ' असं सांगून टाकलं. तो टेकला, चहा प्याला, बराच वेळ हळहळला. उठताना मला म्हणाला, तुम्हाला भाऊ होता हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्यात तुझ्या शुभाचा निरोप आला. आमची मंदा तू गेल्यापासून तिकडेच आहे, धाकट्या बहिणीला एकटी कशी सोडणार; तिनेच फोन केला. तेराव्याला परसात पंगत बसवायची आहे, गावाकडची माणसं येणार, तुझ्या थोरल्या भावाचं म्हणणं की ती गाडी तिथून हलली पाहिजे. रविवारी भंगारवाला यायचा आहे. आणि शुभाने सांगितलंय, भावोजींकडे जे अर्धं आहे तेही घेऊन या म्हणावं, म्हणजे एकदाच काय ते जाईल.

'जाईल' असं मंदा इतक्या सहज म्हणाली की मीही 'बरं' म्हणून फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं की मला ते द्यायचं नाही. आणि त्याच्या पाठोपाठ हेही कळलं की द्यायचं नाही असं म्हणणारा मी कोण, हे मला सांगता येणार नाही.

तुला हे सगळं माहीतच आहे, तरी सांगतो. ज्याला सुतक नाही त्याने बोलायचं तरी कुणाशी?

आपण गाडी घ्यायचं ठरवलं ते नागोठण्याच्या एस.टी. स्टँडवर, कुणाच्या तरी लग्नाहून परतताना. एस.टी. येत नव्हती, ऊन तापलं होतं आणि आपल्या बायका पिशव्यांवर बसून कुणाच्या नवऱ्याने काय काय घेतलं याची उजळणी करत होत्या. आपण दोघे लांब उभे होतो, पण ऐकू येण्याइतके जवळ. तू म्हणालास, पेणकर, आपण दोघांनी मिळून एक घेऊ. मी म्हटलं, काय? तू म्हणालास, काही तरी. तिथून ते 'काही तरी' धरमतरच्या खाडीकाठी हमीदभाईंच्या दारात जाऊन थांबलं. हमीदभाई मस्कतला निघाले होते. ताडपत्रीखाली गाडी होती. पूर्वी पांढरी होती म्हणाले. आपल्याला भेटली तेव्हा खाऱ्या वाऱ्याने तिला अशी खाल्ली होती की दाराला हात लावला की हातावर तांबडी भुकटी यायची. बॉनेट उघडल्यावर हमीदभाई स्वतःच दोन पावलं मागे सरले.

"इंजिन जाम हाय," ते म्हणाले, "पन खराब नाय हां. उभं राहून राहून जाम झालंय. माणसाचंपन असंच होतं."

या एका वाक्यावर आपण ती गाडी घेतली. तेव्हा दुसऱ्या बाजूला कोणी शहाणा असायला हवा होता. दोन्ही बाजूंना आपणच होतो.

गाडी ओढत रोह्याजवळ वरस्याला तुझ्या परसात आणली, कारण माझ्याकडे परस नाही. तुझ्या कंपनीतल्या म्हात्र्याने कुठूनशी चेनकप्पी आणली, फणसाच्या फांदीला बांधली आणि इंजिन वर काढलं. मग ते खोललं. खोलण्यात आपण दोघे इतके तरबेज निघालो की संध्याकाळपर्यंत परसात पाऊल टाकायला जागा उरली नाही. शुभा तेव्हा माहेरी गेली होती. ती यायच्या आत आवरायला हवं म्हणून तू म्हणालास, वाटणी करू. माणसं जमिनीची वाटणी करतात, आंब्याच्या झाडांची करतात. आपल्या सासऱ्यांनी वाटण्यासारखं काही ठेवलं नाही, तर आपण एक इंजिन वाटून घेतलं. वरची बाजू, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, कार्ब्युरेटर, हे पेणला. खालची बाजू, ब्लॉक, क्रँक, चार पिस्टन, हे रोह्याला. प्रत्येकाने आपापली बाजू घासून, गंज काढून, तेल लावून ठेवायची. दोन्ही तयार झाल्या की जोडायच्या. जगात दुसऱ्या कुणी एक इंजिन असं दोन तालुक्यांत ठेवलं असेल असं मला वाटत नाही. पण त्या वेळी ते इतकं न्यायाचं वाटलं होतं.

घासण्यावरून आपलं जे भांडण लागलं ते तू गेलास तरी मिटलेलं नाही.

तुझं म्हणणं रॉकेल. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवायचं, सकाळी तारेच्या ब्रशने घासायचं, दुसरा उपाय नाही. माझं म्हणणं, आमच्याकडे तांब्याची भांडी कोकमाने लखलखतात, तर लोखंडाने काय घोडं मारलंय? मंदाने वर्षभराचं कोकमाचं आगळ करून बरणीत ठेवलं होतं. ती भिशीला गेली आणि मी सगळे व्हॉल्व्ह त्यात बुडवले. दुसऱ्या दिवशी काढले तर, खोटं नाही सांगत, गंज असा उतरला होता जशी साय निघावी. मी ते पेपरावर मांडले, शेजाऱ्यांना बोलावून दाखवले, तुला एस.टी.डी. लावून सांगितलं. पुढच्या रविवारी तू मुद्दाम बघायला आलास. तोवर त्यांच्यावर आधीपेक्षा जास्त गंज चढला होता, तोही मऊ, लोकरीसारखा. आगळात मीठ असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी रोज जेवतो. पण इंजिनाशी बोलताना ते लक्षात आलं नाही.

तू एक व्हॉल्व्ह उचललास, वास घेतलास, आणि मंदा चहा घेऊन आली तेव्हा अगदी गंभीरपणे म्हणालास, "ताई, पेणकरांनी इंजिनाची सोलकढी केली. आता भात लावा."

मंदा तुझ्या बाजूने हसली. ती नेहमी तुझ्या बाजूने हसायची. मला मात्र आजही वाटतं की बिनमिठाच्या कोकमाने ते झालं असतं. तू म्हणायचास, नाही. मी म्हणायचो, करून बघू. तू म्हणायचास, आधी तुमची बाजू पुरी करा, मग प्रयोग. शेवटी मी व्हॉल्व्ह रॉकेलमध्येच घातले, पण तुला सांगितलं नाही. तू वास ओळखलास आणि बोलला नाहीस. ते तुझं न बोलणं मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

पण माझी बाजू पुरी झाली, रोहेकर. वेळ लागला, मान्य. गणपतीच्या आधीचे महिने माझं रंगाचं दुकान मला डोकं वर काढू देत नाही, आणि त्यानंतर मला डोकं वर काढायची सवय राहत नाही. तरी हेडवरची काजळी मी बोटाच्या नखाने काढली आहे. कार्ब्युरेटरची भोकं मंदाच्या हातशिलाईच्या सुईने मोकळी केली. दसऱ्याला माझं अर्धं पाटावर मांडून हळद-कुंकू, झेंडू, आपट्याचं पान, सगळं व्हायचं. आणि तू बूथवरून फोन करायचास, डोक्याची पूजा झाली का? इकडे पोटाची झाली.

आणि तुझ्या खबरी. दर खेपेला खबर. पहिला पिस्टन झाला, पेणकर. दुसराही झाला. तिसऱ्याला वेळ लागतोय, त्याच्यावर काजळी फार. मी दुकानातून तुला पॉलिश पेपर द्यायचो, तोच, ज्याने जोह्या-हमरापूरचे गणपती गुळगुळीत करतात. पुढे पुढे तू अगदी बारीकच मागायला लागलास, शून्य नंबर. एवढ्या पेपरात, मी म्हटलं, अख्खा कारखाना घासून होईल, तू काय खातोस काय? तू म्हणालास, खालची बाजू मोठी असते.

चौथाही झाला, असं तू मला गेल्या दिवाळीत सांगितलंस. भाऊबीजेला. मला नीट आठवतं, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. तुझे चार झाले आणि माझे अजून दोन व्हॉल्व्ह राहिले होते.

शेवटचा भेटलास तेव्हा मी तुला स्टँडवर सोडायला आलो होतो. माझी बाजू झाली, असं मी तुला त्या दिवशी सांगितलं. मला वाटलं तू उडी मारशील. तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस आणि गाडीत जाऊन बसलास. मग खिडकीतून म्हणालास, "पेणकर, समजा बसलं इंजिन. मग काय करायचं?"

मी म्हटलं, फिरायचं, दुसरं काय. तू 'हां' म्हणालास. त्या 'हां'चा अर्थ मी अजून लावतोय. गाडी सुटली म्हणून मी तेव्हा विचारलं नाही. आणि पुढच्या वेळी विचारू असं वाटलं, कारण पुढची वेळ ही आपल्याकडे नेहमीच असायची.

तर रविवारी मी माझं अर्धं घेऊन निघालो. हेड गोणपाटात बांधलं, बाकीचं दोन पिशव्यांत. कंडक्टरने लगेज काय म्हणून विचारलं आणि तिकीट फाडलं. अर्ध्या इंजिनाचं शास्त्र काय, हा प्रश्न त्याला पडला नाही. सबंध वाटेत मी भाषण तयार करत होतो. शुभा, असं करू नकोस. हे मला दे. मी टेम्पो करतो, त्याची बाजूही पेणला नेतो, कुणीतरी मेकॅनिक बघतो आणि जोडून घेतो. त्याची इच्छा होती. नागोठण्यापर्यंत हे भाषण फार सुंदर झालं होतं. कोलाडच्या पुढे त्यात एक शंका शिरली: तुझी इच्छा होती हे मला कुणी सांगितलं?

परसात सगळे होते. शुभा मागच्या पायरीवर, मंदा तिच्या शेजारी, म्हात्रे शिफ्ट सोडून आलेला, तुझा थोरला भाऊ तुळशीपाशी खुर्ची टाकून. भंगारवाला टेम्पो लावून गाडीभोवती फिरत होता, नवरी बघायला आल्यासारखा. मी शुभाला म्हटलं की आधी मला त्याची बाजू बघू दे. तिने न्हाणीघरामागच्या गोणीकडे बोट दाखवलं.

गोणी मी सोडली, रोहेकर. तीन पिस्टन काळे होते. म्हणजे फणसाखाली आपण काढले तेव्हा जसे होते तसे, काजळी, चिकट तेल, वर मुंग्यांची माती. त्यांना हात लागलेला नव्हता. क्रँकवर गंज. आणि एका जुन्या फडक्यात, सगळ्यांपासून वेगळा, चौथा.

तो मी बाहेर काढला तर त्यात मला माझी न केलेली दाढी दिसली. इतका तो लखलखत होता. असं काम मी जन्मात पाहिलं नाही, आणि मी मूर्ती गुळगुळीत करणाऱ्यांच्या गावात राहतो. कडा नाहीत, ओरखडा नाही, हातात धरला तर साबणासारखा सरकत होता. मी तो ब्लॉकच्या भोकावर ठेवला, सहज, बघायला. तो थांबलाच नाही. सरळ खाली गेला आणि पलीकडे मातीत पडला.

मला इंजिनातलं काही कळत नाही, हे तू लोकांना सांगत फिरायचास, पण एवढं मलाही कळलं. पिस्टन त्या भोकात घट्ट बसावा लागतो. तू तो घासून घासून झिजवला होतास. माझ्याच दुकानातल्या पेपराने. हे इंजिन आता कधी चालणार नव्हतं, कुणाच्याही हातून, आणि माझं भाषण तिथेच संपलं.

मग सगळे बोलायला लागले. तू असं का केलंस हे प्रत्येकजण सांगत होता आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. शुभा म्हणाली, तंबाखू सोडली तेव्हापासून ते हा घेऊन बसायचे, हाताला काही तरी लागायचं. ड्युटीवर जायच्या आधी चहा होईपर्यंत, आल्यावर जेवण होईपर्यंत, याच पायरीवर. म्हात्रे म्हणाला, तसं नाय, तो नमुना होता; एक अगदी नीट करायचा, मग बाकीचे तीन त्याच्यासारखे, असं तुझं ठरलं होतं, पण नीट म्हणजे किती हेच ठरत नव्हतं. थोरल्या भावाचं मत की लहानपणापासून तू असाच, पाटी पुसायला बसलास की लिहायचं राहून जायचं.

मी मंदाकडे बघितलं.

"त्यांना गाडी नको होती," ती म्हणाली. "तुम्हाला हवी होती."

आता हे मी कुठे ठेवू? नागोठण्याला आपण एक घेऊ असं तूच म्हणाला होतास. पण मी तिच्यावर ओरडायला गेलो आणि थांबलो, कारण 'गाडी घेऊ' असं तू म्हणाला नव्हतास. 'काही तरी' म्हणाला होतास. गाडी मी म्हटलं होतं. की तू? मला आता खात्री देता येत नाही. आणि दुसरा झाला, तिसरा झाला, काजळी फार, या सगळ्या खबरी तू मला का दिल्यास? मी खूश व्हावं म्हणून? मी घाई करावी म्हणून, की करू नये म्हणून? रागवायला जावं तर राग निम्म्यात विरतो, आणि हसायला जावं तर तोच प्रकार. सांगितलं असतंस, पेणकर, मला हा एकच घासायला आवडतो, तर मी काय म्हटलं असतं? बहुतेक काही तरी वाईटच म्हटलं असतं. तुला ते माहीत असणार.

एवढं मात्र सांगतो की त्या खबरींवर मी ती सगळी वर्षं काढली. दुकानातला धंदा बसला तेव्हा, मंदाचं ऑपरेशन झालं तेव्हा, दर वेळी तुझा फोन यायचा आणि तू माझ्या दुःखाबद्दल अक्षर न काढता तिसऱ्या पिस्टनचं सांगायचास. तो तिसरा पिस्टन मी रविवारी बघितला. त्याला तू हातसुद्धा लावला नव्हतास. आणि तरी त्याने माझं काम केलं होतं. हे कसं मांडायचं ते मला येत नाही.

भंगारवाल्याने घड्याळ बघितलं. मी शुभाला म्हटलं, घेऊन जाऊ दे.

ती पायरीवरून उठली. "एकदा बसवा," ती म्हणाली.

काय, मी विचारलं.

"इंजिन. तुमचं नि त्यांचं. भावोजी, इतकी वर्षं माझ्या परसात हाय, नि मी ते अख्खं कधी बघितलंच नाय. काढलंत तेव्हा मी घरी नव्हते. चालायला नको. नुसतं बसवा."

थोरले भाऊ म्हणाले, अगो, त्याला काय अर्थ आहे? तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने रॉकेलचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला.

मग आम्ही ते बसवलं. म्हात्र्याला थोडं येत होतं, मला अजिबात नाही, त्यामुळे काम बरोबर अर्धं अर्धं झालं. क्रँक ठेवला. तीन काळे पिस्टन पुसले, तेल ओतलं, लाकडाच्या ठोकळ्याने ठोकत ठोकत आत घातले. चौथा थांबेना. किती वेळा लावला तरी खाली यायचा. शुभाने आतून तुझा एक जुना बनियन आणला, त्याची पट्टी फाडली आणि स्वतः पिस्टनभोवती गुंडाळली, बाळाच्या पोटाला बांधतात तशी. मग तो राहिला. त्यावर मी माझं हेड ठेवलं. आणि रोहेकर, ते बसलं. भोकावर भोक आलं. पेणची बाजू रोह्याच्या बाजूवर अशी बसली जशी कधी वेगळी झालीच नव्हती. आम्ही नट हातानेच आवळले. मंदाने कार्ब्युरेटर धरून ठेवला, त्याचे बोल्ट मिळाले नाहीत.

शुभा इंजिनाभोवती एक फेरी मारून आली. "लहानच हाय की," ती म्हणाली.

भंगारवाला कुरकुरत होता. असं अख्खं उचलायला जड, वर आम्हाला परत खोलावं लागणार, तुम्ही जोडलंत कशाला भाऊ? शुभा त्याला म्हणाली, "तुम्ही तुमच्या घरी नेऊन खोला. इथून अख्खं जाईल."

ते अख्खं गेलं. उचलायला त्याची दोन माणसं, म्हात्रे आणि मी. टेम्पोत ठेवलं, मागोमाग गाडीचा सांगाडा ओढून चढवला. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा परस इतकं मोठं दिसायला लागलं की मला तिथे उभं राहवेना. मी रॉकेलचा डबा उचलायला वाकलो, तर गोणपाटावर एक तुकडा पडलेला.

लोखंडाचा, अंगठ्याएवढा. एका टोकाला भोक, दुसरं टोक जरा वाकडं. काय असतं ते म्हात्र्यालाही सांगता आलं नाही. कुठे तरी बसायचा राहिला होता.

मी म्हटलं, हा रोह्याच्या बाजूचा.

शुभाने तो हातात घेऊन बघितला. नाय, ती म्हणाली, असं काही आमच्याकडे नव्हतं, गोणी मीच भरलेली. हा तुमच्या पिशवीतून पडला. मी म्हटलं, माझा प्रत्येक तुकडा मला तोंडपाठ आहे. शुभा म्हणाली, तोंडपाठ होता तर बोल्ट कुठे गेले कार्ब्युरेटरचे? मंदा म्हणाली, खरं आहे हो, वेंधळेपणा तुमचाच. मी म्हटलं, तू पेणची आहेस की रोह्याची? ती म्हणाली, ते नंतर बघू, तुकडा तुमचा आहे. शुभाचा आवाज चढला होता. थोरल्या भावांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, कारण तू गेल्यापासून तिचा एवढा आवाज या घरात कुणी ऐकला नव्हता. आमच्या बाजूला नावं ठेवायची नाय, भावोजी, ती म्हणाली, आणि तुकडा पायरीवर आपटला. मी तो तिथेच ठेवला आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघालो. चपला घालताना मला समाधान होतं की निदान एक मुद्दा मी जिंकलो.

घरी येऊन रिकामी पिशवी खुंटीला लावली तर ती भिंतीवर वाजली. आत तो तुकडा होता. शुभाने टाकला की मंदाने, कळायला मार्ग नाही.

आता तो माझ्यासमोर टेबलावर आहे. चांगला गंजलेला आहे. माझ्या बाजूला एक कण गंज उरलेला नाही, हे सगळ्या पेणला माहीत आहे. तेव्हा हा तुकडा कुणाचा ते उघड आहे. तेराव्याला येताना तो मी परत घेऊन येतोय आणि शुभाच्या हातात देतोय. ती घेणार नाही. पुढच्या खेपेला परत नेईन. घासायला हात शिवशिवतात, दुकानात शून्य नंबरचा पेपर आहे, वरच्या फळीवर कोकमही आहे, बिनमिठाचं. पण मी घासणार नाही, रोहेकर. घासला तर पुरावा जाईल.